महामारीने हिरावलेली ऐकण्याची वर्षे

मार्च २०२० च्या अखेरीस इस्लामपूरचे नाव देशभर झाले. सौदी अरेबियातून परतलेल्या चौघा यात्रेकरूंना करोनाची लागण झाल्याचे २३ मार्चला निष्पन्न झाले आणि आठवडाभरात त्यांच्या नात्यागोत्यातील बाधितांची संख्या पंचवीसच्या घरात गेली. शहराचा मध्यभाग सील झाला, मिरजेचे शासकीय रुग्णालय करोनाच्या रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आले, आणि बाधितांच्या संपर्कात आलेल्या प्रत्येक माणसाचा माग काढून त्याला विलग करण्यात आले. एप्रिलच्या मध्यापर्यंत यांतील बहुतेक रुग्ण बरे झाले, तेव्हा या कामगिरीचे सर्वत्र कौतुक झाले. ते रास्तच होते. (जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने या शहराला ईश्वरपूर हे नाव देण्याचा निर्णय विधिमंडळात जाहीर केला, परंतु त्या वर्षाच्या आठवणी मात्र जुन्याच नावाने सांगितल्या जातात.)

एका रोगाच्या मागे सारी यंत्रणा धावू लागली म्हणून बाकीच्या व्याधी थांबून राहत नाहीत. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला टाळेबंदीतही कोणी ना कोणी रुग्णालयाच्या दारापर्यंत नेले. अडलेली बाळंतीण नेली गेली. जे दुखते, रक्तबंबाळ होते, तापाने फणफणते, त्याची दखल घ्यावीच लागते. बहिरेपण दुखत नाही. जन्मतः ऐकू न येणारे मूल रडते, हसते, अंगावर पिते, बाळसे धरते. त्याच्याकडे पाहून काही उणे आहे असे कोणालाही वाटत नाही. त्याला स्वतःला तर काय गमावले याची कल्पनाच नसते. म्हणूनच महामारीच्या काळात ज्यांची हेळसांड सर्वांत निमूटपणे झाली, त्यांत कर्णबधिर बालकांचा क्रमांक फार वरचा लागतो. ही मुले आता पहिली-दुसरीच्या वर्गांत येऊन बसू लागली आहेत. शिक्षकवर्गाने या प्रश्नाकडे आज लक्ष द्यावयाचे ते याच कारणासाठी.

पहिली तीन वर्षे

गर्भाला साधारण सहाव्या महिन्यापासून आवाज ऐकू येऊ लागतो. जन्मानंतरची तीन-साडेतीन वर्षे हा मेंदूतील श्रवणकेंद्रांच्या जडणघडणीचा काळ. या काळात कानावाटे आवाज पोहोचला, तर ती केंद्रे आवाजाचा अर्थ लावण्यास शिकतात. पोहोचला नाही, तर ती जागा मेंदू दुसऱ्या कामांकडे, मुख्यतः दृष्टीकडे, वळवू लागतो. पुढे सातव्या-आठव्या वर्षी उत्तमातले उत्तम यंत्र बसविले तरी आवाज येतो, पण त्याचे शब्द होत नाहीत. ज्यांना आपल्याकडे सर्रास ‘मुके’ म्हटले जाते, त्यांतील बहुतेकांचा कंठ निर्दोष असतो. जे कधी ऐकलेच नाही ते बोलता येत नाही, एवढाच त्या मुकेपणाचा अर्थ.

यावरूनच जगभरच्या तज्ज्ञांनी एक साधा हिशेब घालून दिला आहे: बालकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्याच्या आत, निदान तिसऱ्या महिन्याच्या आत आणि उपचारांना आरंभ सहाव्या महिन्याच्या आत. पहिली चाचणी अगदी सोपी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवायची, बारीक आवाज सोडायचा आणि अंतर्कर्णातून उमटणारा त्याचा प्रतिसाद यंत्राने टिपायचा. काही मिनिटांचे काम. त्यात शंका आली, तर ‘बेरा’ नावाची मेंदूच्या प्रतिसादाची चाचणी करावी लागते. तिला मात्र तज्ज्ञ लागतो, शांत खोली लागते आणि बाळ गाढ झोपलेले असावे लागते. खेड्यापाड्यांतील आईबापांना ही दुसरी पायरी म्हणजे सांगली, मिरज, कोल्हापूर किंवा पुण्याचा प्रवास.

कागदावर आपली व्यवस्था वाईट नाही. बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा तर प्रारंभच ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रात, पालघर येथे झाला. त्यानुसार वैद्यकीय पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन मुले तपासावयाची असतात, आणि तपासावयाच्या व्याधींत श्रवणदोषाचा स्पष्ट उल्लेख आहे. जन्मतः बहिऱ्या, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या योजनेतून कॉक्लियर इम्प्लांटची, म्हणजे अंतर्कर्णात बसविण्याच्या यंत्राची, सोय आहे; २०१४ च्या सुधारित योजनेत त्यासाठी मुलामागे सहा लाख रुपयांपर्यंतची तरतूद होती. मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ पासून या क्षेत्रात काम करीत आहे. म्हणजे योजना आहेत. प्रश्न, त्या आणि मूल यांची गाठ वेळेवर पडते का, एवढाच आहे.

एका बालकाचे कॅलेंडर

वाळवा तालुक्यातील एखाद्या खेड्यात डिसेंबर २०१९ मध्ये, दोन्ही कानांनी बहिरे असे मूल जन्मले अशी कल्पना करावी. प्रसूतीच्या ठिकाणी श्रवणचाचणीचे यंत्र नव्हते. तसे ते बहुतेक ठिकाणी नसतेच. आईला पहिली शंका साधारणतः चौथ्या-पाचव्या महिन्यात येते. कुकरची शिट्टी झाली, दार आपटले, तरी बाळ दचकत नाही. हा महिना येतो एप्रिल-मे २०२०. अंगणवाडी बंद. तालुक्यातील तपासणी पथकाचे डॉक्टर करोनाच्या कामावर. एस. टी. २३ मार्चपासून उभी. सासू म्हणते, याचा बापही उशिराच बोलला होता. ते म्हणणे त्या घरात शेवटचे ठरते, कारण ते तपासून पाहण्याचा मार्गच उरलेला नाही.

जिल्ह्याबाहेर जाणारी एस. टी. सुरू झाली ती २० ऑगस्ट २०२० रोजी, आणि खासगी गाडीसाठी लागणारा ई-पास सप्टेंबरात गेला. तोवर मूल नऊ महिन्यांचे झाले. पण याच सुमारास सांगली जिल्ह्यात पहिली लाट ऐन भरात होती. दुखणे नसलेले तान्हे मूल घेऊन रुग्णालयाच्या आवारात पाऊल टाकण्याचे धाडस कोणती आई करील? कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांचीही अडचण खरी होती. हा विषाणू वस्ती करतो तो नाक आणि घशात; मधला कान नळीने त्याच जागेशी जोडलेला. कानामागचे हाड कोरताना हवेत उडणारे तुषार शल्यविशारदाला घातक ठरण्याची भीती होती. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकला, असा सल्ला जगभर दिला गेला, तो यासाठीच. त्यात कोणाचा दोष काढता येणार नाही. दोष आहे तो ‘तातडीचे’ या शब्दाच्या अर्थात. आठ महिन्यांच्या बहिऱ्या मुलाच्या बाबतीत सहा महिन्यांचा विलंब हा तातडीचा नव्हे, असे केवळ मोठ्या माणसाच्या घड्याळानेच म्हणता येते.

मग दुसरी लाट आली. एप्रिल-मे २०२१ मध्ये खाटा आणि प्राणवायू यांपलीकडे कोणाला काही सुचत नव्हते, आणि जुलैत कृष्णा-वारणेला पूर आला. मूल दीड वर्षाचे. त्या वर्षाच्या अखेरीस सारे स्थिरस्थावर होत आहे असे वाटू लागले, तोच एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. संपाचे बरेवाईट हा वेगळा विषय. पण कर्णबधिर मुलाच्या उपचारांशी एस. टी.चा संबंध औषधाइतकाच निकटचा आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. शस्त्रक्रिया एकदाच होते. तिच्यानंतर यंत्राचे जुळवण वारंवार करावे लागते आणि ऐकण्या-बोलण्याचे प्रशिक्षण आठवड्यागणिक, वर्ष-दोन वर्षे चालते. दर खेपेला मजुरीचा एक दिवस आणि दोन माणसांचे तिकीट खर्ची पडते. स्वतःची गाडी नसलेल्या घराचा हा क्रम एकदा तुटला की पुन्हा सहजी जुळत नाही.

या कल्पित मुलाचे तिसरे वर्ष असे सरून जाते. डिसेंबर २०२४ मध्ये ते पाच वर्षांचे झाले, म्हणजे योजनेची वयोमर्यादाही संपली.

यंत्र होते, तरीही

ज्यांचे निदान आधीच झाले होते त्यांची कहाणी निराळी, पण सुखाची नाही. श्रवणयंत्र हे चष्म्यासारखे एकदा लावले की झाले, असे नसते. त्याला बटणाएवढी बॅटरी लागते. तिच्या पाठीवरची चिकटपट्टी काढली की हवा आत शिरून ती जागी होते आणि मग यंत्र वापरा वा ठेवून द्या, आठ-पंधरा दिवसांत ती संपते. औषधांची दुकाने टाळेबंदीत उघडी होती. परंतु या बॅटऱ्या खेड्यातल्या औषधाच्या दुकानात क्वचितच मिळतात. पन्नास-साठ रुपयांच्या वस्तूवाचून हजारो रुपयांचे यंत्र डबीत पडून राहिले, हे त्या काळात अनेक घरांत घडले असणार.

दुसरी गोष्ट कानातल्या साच्याची. यंत्राचा आवाज कानात नेणारा हा साचा त्या त्या मुलाच्या कानाचे माप घेऊन बनवितात. मूल वाढते तसा कानही वाढतो. लहानग्यांचा साचा काही महिन्यांतच सैल पडतो. सैल झाला की यंत्र शिट्टी मारू लागते, मूल वैतागून ते उपटून फेकते आणि आईही शेवटी काढून ठेवते. माप घेण्यासाठी कानात ओला मसाला भरावा लागतो. हे काम फोनवरून होत नाही, पोस्टाने होत नाही. दूरस्थ सेवेचे कितीही गोडवे गायिले गेले तरी तिची मर्यादा या इवल्याशा साच्यापाशी स्पष्ट दिसते.

मुखपट्टी सर्वांसाठीच जाच होती, पण या मुलांसाठी ती भिंत होती. कमी ऐकणारा माणूस अर्धे कानांनी आणि अर्धे ओठांवरून ऐकतो. समोरच्याचे ओठ झाकले, आवाज कापडात दबला आणि वर सहा फुटांचे अंतर राखले, की उरते काय? शिवाय मुखपट्टीचा नाडा आणि कानामागचे यंत्र यांची जागा एकच. पट्टी ओढली की यंत्र मातीत. पारदर्शक मुखपट्ट्यांची कल्पना चांगली होती. तालुक्याच्या गावी त्या दिसल्या नाहीत म्हणून नवल वाटण्याचे कारण नाही.

शाळा बंद झाल्या आणि शिकवणे मोबाईलच्या पडद्यावर आले. सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. फोन नसलेल्या घरांना तिचा मोठा आधार वाटला. परंतु यंत्राने ऐकणाऱ्या मुलाला छोट्या ध्वनिक्षेपकातला, घरातल्या गलक्यात मिसळलेला आवाज उलगडणे फार कठीण. वर्गात बाई त्याला पहिल्या बाकावर बसवीत, त्याच्याकडे तोंड करून बोलत. पडद्यावरच्या बाई सर्वांकडे पाहतात, म्हणजे कोणाकडेच पाहत नाहीत.

येथे एक गोष्ट बोलून टाकलेली बरी. कर्णबधिर मुलांना वाचाच शिकवावी की खुणांची भाषा द्यावी, हा वाद १८८० च्या मिलान परिषदेपासून चालू आहे आणि आपल्याकडील शाळांतूनही त्याचे पक्ष आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये, ऐन महामारीत, शालेय पाठ्यपुस्तके भारतीय सांकेतिक भाषेत आणण्याचा करार दिल्लीत झाला; त्याचे स्वागतच केले पाहिजे. तथापि वेळेवर निदान झाले नाही तर या वादाला अर्थच उरत नाही. ज्या मुलाचे बहिरेपण चौथ्या वर्षी कळते, त्याला तोवर बोली भाषाही मिळालेली नसते आणि खुणांचीही. ते घरातल्या चार माणसांना कळतील अशा दहा-वीस हातवाऱ्यांवर जगत असते.

उसाच्या फडातील मुले

इस्लामपूरचा परिसर म्हणजे ऊस. साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्यासह आसपासच्या कारखान्यांच्या फडांवर दर हिवाळ्यात बीडकडील तोडणी कामगार येतात. त्यांची तान्ही मुले उसाच्या पाचटाच्या सावलीत वाढतात. मार्च २०२० मध्ये ही कुटुंबे येथेच अडकली. त्यांना गावी परतण्याची परवानगी एप्रिलच्या मध्यानंतर मिळाली. महामारीची ही एक कथा झाली, पण तिच्या आधीही आणि नंतरही या मुलांची गत तीच आहे. अंगणवाडीची तपासणी गावी होते तेव्हा मूल फडावर असते, फडाजवळच्या गावात होते तेव्हा त्याचे नाव त्या पटावर नसते. थंडीत कान वाहू लागला तर कोमट तेल सोडायचे, हा उपाय ठरलेला. वाहता कान वर्षानुवर्षे वाहत राहतो, पडदा फाटतो आणि बरे होण्याजोगे बहिरेपण कायमचे होऊन बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे बालपणातील श्रवणहानीपैकी सुमारे ६० टक्के टाळता येण्याजोगी असते. ती टाळण्याजोगी मुले कोठे आहेत हे शोधण्यासाठी फार दूर जावयास नको.

टाळता येण्याजोग्या कारणांत गोवर आणि रुबेला हे दोन विषाणूही येतात. गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळ बहिरे जन्मू शकते. अमेरिकेत १९६४-६५ च्या रुबेलाच्या साथीनंतर सुमारे वीस हजार मुले जन्मजात व्यंगे घेऊन आली आणि त्यांत बहिऱ्यांची संख्या सर्वाधिक होती. म्हणजे एका साथीची किंमत पुढच्या पिढीने कानांनी मोजावी, हे जगाला नवे नाही. महाराष्ट्रात या दोन्हींविरुद्ध लसीकरणाची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली. दीड वर्षाने टाळेबंदीत नेहमीचे लसीकरण विस्कळीत झाले, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव, भिवंडीत गोवर उसळला तेव्हा चुकलेल्या डोसांचा हिशेब डोळ्यांसमोर आला. दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही, आणि आनुवंशिक बहिरेपणाला अशा नात्यातील लग्ने पोषक ठरतात. हे बोलणे कोणाला रुचत नाही, म्हणून ते न बोलण्याचे कारण नाही.

संपर्क शोधण्याची विद्या

काय करता आले असते? सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यभर निघाली. आशा, अंगणवाडी सेविका, शिक्षक घराघरांत गेले. ताप मोजला, बोटाला प्राणवायूमापक लावला, मधुमेहाची, रक्तदाबाची चौकशी केली. घरात दोन वर्षांखालील मूल आहे का आणि ते आवाजाकडे वळते का, हा आणखी एक प्रश्न त्या कागदावर असता तर मोहिमेचे काही बिघडले नसते. थकल्याभागल्या सेविकांवर आणखी एक ओझे लादण्याची सूचना सोपी असते, हे मान्य. पण दारापर्यंत पोहोचणे हेच या कामातले सर्वांत अवघड, आणि ते तर झालेच होते.

यापुढे करता येण्याजोगे अजून पुष्कळ आहे. इस्लामपुरात एका कुटुंबाच्या संपर्कातील माणसे काही दिवसांत हुडकून काढली गेली. मग २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत तालुक्यात जन्मलेली मुले शोधणे अशक्य कसे म्हणावे? त्यांची नोंद जन्म-मृत्यूच्या वहीत आहे, लसीकरणाच्या कार्डावर आहे, अंगणवाडीच्या पटावर आहे. ही मुले फरार झालेली नाहीत. त्यांच्यापैकी किती जणांची श्रवणचाचणी झाली हे गावोगाव विचारले, तर एका महिन्यात उत्तर मिळेल. ज्यांचे वय महामारीच्या मुदतीत योजनेच्या मर्यादेपलीकडे गेले, त्यांच्या बाबतीत ती मुदत वयातून वजा धरावी, ही मागणीही अवाजवी नाही. स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना करोनाच्या काळापोटी वयाची सवलत मिळाली होती. ते उमेदवार मोर्चा काढू शकत होते, हाच काय तो फरक. अर्थात सहाव्या वर्षी केलेले इम्प्लांट पहिल्या वर्षाइतके फळणार नाही, आणि आईबापांना तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्याला थोडेबहुत ऐकू येते त्याला चांगले यंत्र आणि ज्याला मुळीच येत नाही त्याला सांकेतिक भाषेची शाळा, हे तरी त्याच्या हाती पडावे.

पुढच्या मुलांसाठी उपाय एकच: बाळ-बाळंतीण घरी जाण्यापूर्वी चाचणी. केरळने सरकारी प्रसूतिगृहांतून ती नेहमीची केली. इंग्लंडमध्ये २००६ पासून ती सर्व नवजात बालकांना उपलब्ध आहे. महाराष्ट्रातील उपजिल्हा रुग्णालयांत आणि ग्रामीण रुग्णालयांत हे यंत्र आणि ते वापरणारी एक प्रशिक्षित परिचारिका असेल, तर पुढची महामारी आली तरी पहिली पायरी चुकणार नाही. बाळंतपणे महामारीत थांबत नाहीत.

राहिला शाळेचा प्रश्न. पूर्ण बहिरे मूल आता निदान ओळखू तरी येते. खरा धोका आहे तो अर्धवट ऐकणाऱ्याला. दार आपटले की वळणारे, हाक मारली की कधी येणारे कधी न येणारे, ‘स’, ‘श’, ‘च’ गाळून बोलणारे, फळ्याकडे पाठ करून शिक्षक बोलले की शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारे मूल. त्याची श्रवणहानी दोन्ही कानांत साठ डेसिबलच्या आत असली, तर २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या व्याख्येत ते बसतही नाही. वर्गात मात्र ते रोज काही ना काही हुकत असते. त्याला मठ्ठ म्हणतात, खोडकर म्हणतात, ‘लक्ष नाही’ असा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकावर येतो.

पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी २०२२ पासून राज्यातील शाळांत शाळापूर्व तयारीचे मेळावे भरू लागले. निरनिराळ्या टेबलांवर मुलांची उडी, रंगांची ओळख, मोजणी, गोष्ट सांगणे असे पाहिले जाते. त्यांत एक टेबल कानासाठी वाढवावे. मुलाच्या पाठीमागे, सावली दिसणार नाही असे, हातभर अंतरावर उभे राहून कुजबुजत्या आवाजात ‘शाळा’, ‘चमचा’, ‘ससा’ असे चार शब्द म्हणावेत आणि त्याला ते म्हणावयास लावावे. दोन वेळा चुकले तर त्या मुलाचे नाव वेगळ्या कागदावर लिहावे, आणि तो कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात न ठेवता त्याच आठवड्यात उपजिल्हा रुग्णालयात पोहोचवावा.